अ‍ॅव्हरेज मास्तर

जीपमध्ये बसण्यापूर्वी ते माणसाचं वजन करीत.

मला हे ठाऊक नव्हतं. पेडण्याहून पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेली कोकमांची बरणी घेऊन मी डिचोलीच्या बसस्टँडवर उतरले, तेव्हा एवढंच सांगितलं गेलं होतं की हायस्कुलातले गणिताचे मास्तर न्यायला येतील, आणि कारापूरला त्यांच्याच घरातली रस्त्याकडची खोली मला भाड्याने मिळेल. मास्तर आले. उंच, काटकुळे, पांढरा सदरा, खिशाला निळ्या शाईचा डाग. मागे उभी असलेली जीप त्यांच्यापेक्षा वयाने मोठी वाटत होती.

"नव्या मराठीच्या बाई ना तुम्ही? बरं झालं, वेळेवर आलात. चला, आधी काट्यावर."

मला वाटलं 'काट्यावर' हे एखाद्या गल्लीचं नाव असावं. मास्तरांनी मला समोरच्या भुसारी दुकानात नेलं आणि तांदळाची पोती तोलतात त्या काट्यावर उभं केलं. मी लाजेने अर्धी झाले. तरी काटा अठ्ठेचाळीसवर थांबला.

"ट्रंक चौदा. वळकटी पाच. बरणी?" मास्तरांनी बरणी हातात घेऊन जोखली. "दोन धरू."

दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. आमची सगळ्यांची वजनं त्यांच्या वहीत आहेत. मामलेदारांचंसुद्धा."

ती वही मी पुढच्या सहा वर्षांत कितीदा पाहिली असेन! लांबट, कापडी पुठ्ठ्याची. एका बाजूला तारीख, किलोमीटर आणि लिटर, दुसऱ्या बाजूला शेरा. शेरे वाचण्यासारखे असत. 'कारापूर ते म्हापसा. बायको आणि अकरा नारळ. अस्नोड्याला गुरं आडवी, नऊ मिनिटं इंजीन चालू. १०.४.' 'लाटंबार्से, चढ, चिखल. फोर-व्हील दोन वेळा. ७.१. गाडीचा दोष नाही.' 'सपाट रस्ता, एकटा, वारा मागून. ११.९. हा आकडा कोणाला सांगू नये, लोक त्यावर विसंबतील.'

आमच्या भागात गाडी दिसली की पहिला प्रश्न एकच: अ‍ॅव्हरेज किती देते? लोक तो सहज विचारत आणि उत्तर सहज विसरत. मास्तरांना मात्र त्या प्रश्नाने झपाटलं होतं. म्हणून पोरांनी त्यांचं नाव अ‍ॅव्हरेज मास्तर पाडलं होतं. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

ते डिझेल भरायचे ते एकाच पंपावर, त्यातल्या एकाच नळीने, आणि तेही सकाळी सातच्या आत. दुपारी डिझेल फुगतं आणि आकड्यात खोट येते, असं ते म्हणत. टाकी काठोकाठ भरली की दोघं जण दोन बाजूंनी जीप गदागदा हलवत, आत अडकलेली हवा बाहेर यायला. मग आणखी कपभर डिझेल मावे. पंपावरचे लोक सुरुवातीला हसत. पुढे मास्तर दिसले की न सांगता जीप हलवायला येत.

जीपमधला किलोमीटरचा काटाही त्यांनी सोडला नव्हता. सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून, एकेक फेरा मोजत, रस्त्याकडेच्या दगडापासून दगडापर्यंत त्यांनी अंतर काढलं होतं. काटा शंभरात चार जास्त दाखवतो असं निघालं, तेव्हापासून ते प्रत्येक आकड्यातून ते चार कापत. मी एकदा म्हटलं, "मास्तर, दगडच चुकीच्या जागी लावला असेल तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराने अचानक प्रमेय सोडवलं होतं. पुढच्या रविवारी ते दोर घेऊन दगड तपासायला गेले.

हे वेड कुठून आलं ते काकींनी सांगितलं. काकी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. बसक्या बांध्याच्या, तोंडाने तिखट, हाताने गोड. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराची घंटा वाजली की गरम उंडे घेऊन त्या माझ्या खिडकीपाशी, म्हणजे जनेलापाशी, येत आणि जनेलातूनच गप्पा मारत.

"बाय, ही जीप ह्यांनी एका खाणीच्या लिलावात घेतली. लाटंबार्शाला आमची काजूची बाग, तिथे बैलगाडीसुद्धा रडत जायची. गाडी घेतली ते बरंच केलं. पण गाडीबरोबर एक छापील पुस्तक आलं. त्यात लिहिलेलं, लिटराला अमुक इतकं जाते. ह्यांनी त्यावर विश्वास ठेवला, आणि बेळगावला माझ्या भाच्याच्या लग्नाला आम्ही निघालो चोर्ला घाटातून. घाटाच्या मधोमध डिझेल संपलं. मी पैठणी नेसून, हातात आहेराची पितळी समई घेऊन तीन किलोमीटर चालले. ट्रकवाले मला बघून हात जोडायचे, त्यांना वाटलं कोणी देवीचा नवस फेडते आहे!"

"मग?"

"मग काय? तेव्हापासून छापलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि त्यांच्यावर माझा."

पण त्यांच्या जीपमधून दर आठवड्याला बागेत त्याच जात, तोंडाने बोलत आणि एका हाताने वरचा दांडा घट्ट धरून.

मास्तर जीपवर प्रेम करीत, पण आंधळं नाही. कोणी 'गाडी कशी आहे?' विचारलं तर आधी दोषच सांगत. पावसात डाव्या गुडघ्यावर पाणी गळतं. स्प्रिंगांचे पाटे इतके कडक की पोटातलं जेवण गळ्याशी येतं. स्टिअरिंग वळवायला रेड्याची शिंगं धरल्यासारखा जोर लागतो. उन्हाळ्यात पायाखालचा पत्रा इतका तापतो की वर पापड भाजावा. शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे गुपित सांगायला ही गाडी निरुपयोगी. एवढं सगळं सांगून झालं की ते थांबत, चष्मा पुसत आणि म्हणत, "पण सात वर्षांत कुठल्याही चढावर तिने मला 'नाही' म्हटलेलं नाही."

पेडणे, डिचोली, सत्तरी, कुठून कुठून लोक सल्ला विचारायला येत. मास्तर त्यांना ओसरीवरच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवत आणि उलटा प्रश्न टाकत: "रस्ता सांगा, मग गाडी सांगतो." हरमलच्या एका नारळवाल्याला त्यांनी बजावलं, "तुझा रस्ता वाळूचा आणि सपाट. तुला जीप नको, तुला टेम्पो हवा. जीप घेशील आणि मला शिव्या देशील." तो हिरमुसून गेला. पण दिवाळीला नव्या टेम्पोतून पन्नास नारळ घेऊन आला. मास्तरांनी नारळ ठेवून घेतले, आणि टेम्पो किती देतो ते वहीत लिहून घेतलं.

ते दिवस भाषेच्या वादाचे होते. कोंकणी की मराठी, यावरून शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप आपटत. काही शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. मी मराठीची शिक्षिका, पेडण्याची, त्यामुळे मीही कमी भांडत नसे. एकदा दोन्ही बाजू तापल्या असताना कोणीतरी मास्तरांना विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूचे?" मास्तर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "चढावर गाडी अडली की तोंडातून कोंकणी येते, आणि घरी येऊन आकडा लिहिला की मराठी येते. दोहोंपैकी एक काढून घेतलीत तर मी चढणार कसा आणि लिहिणार कसा?" वाद अर्थात मिटला नाही. पण त्या दिवसापुरते कप शाबूत राहिले.

आता मुख्य गोष्ट सांगते.

लाटंबार्शाच्या वर डोंगरावर एक वाडा आहे. वाडा म्हणजे वस्ती, पंचवीसएक घरांची. खालच्या गावापासून पाच किलोमीटर, नुसता लाल चढ, दगड आणि ओहोळाच्या खुणा. तिथे बस जात नव्हती. आजारी माणसाला कदेलीवर बसवून चौघे खाली आणत. मास्तरांची काजूची बाग त्याच वाटेवर होती, त्यामुळे ती जीप म्हणजेच वाड्याची गाडी झाली होती. कोणाला दवाखान्यात न्यायचं, कोणाचं धान्य वर पोचवायचं, मास्तर कधी नाही म्हणत नसत. वजन करायला मात्र चुकत नसत. दवाखान्यात पोचवलेल्या बाळंतिणीला परत आणताना त्यांनी वहीत लिहिलं होतं, 'येताना एक माणूस जास्त. साडेपाच पौंड.'

गोवा राज्य झालं त्या वर्षी गावच्या सोसायटीने ठरवलं की आता आपली स्वतःची गाडी हवी. काजू खाली आणायला आणि माणसं वर न्यायला. सोसायटीचे चेअरमन होते पुंडलिकबाब, शेतकरी गडी, मिशा मोठ्या, शब्दाला पक्के. त्यांनी वास्कोच्या एका शोरूमच्या एजंटाला बोलावलं. एजंट आला तो पांढरे बूट घालून, गुळगुळीत छापलेली पत्रकं वाटत. नवी फोर-व्हील जीप, डिझेल, लिटराला सोळा. पत्रकावर जीपशेजारी बर्फाचा डोंगर होता.

सभेला मास्तरांना बोलावलं होतं. ते मला बरोबर घेऊन गेले, कारण वही वाचून दाखवायला त्यांना माझा आवाज हवा होता. मी दहा-बारा नोंदी वाचल्या. मग मास्तर उठले.

"गाडी उत्तम असेल. पण सोळा हा आकडा ह्या चढावर खोटा आहे. भरलेली गाडी इथे आठ-साडेआठ देईल. सोळा धरून फेऱ्या ठरवाल, तर पहिल्या पावसाळ्यात गाडी उभी राहील. छापील अ‍ॅव्हरेज म्हणजे लग्नाआधीचा फोटो. माणूस तोच असतो, पण तसा दिसत नाही."

लोक हसले. एजंटही हसला. "मास्तर, तुमची जीप म्हातारी. म्हाताऱ्या बैलावरून तरण्याचं बळ काढता?"

तेवढ्यावर भागलं असतं. पण पुंडलिकबाब उभे राहिले. त्यांना गाडी हवी होती, आणि हातातोंडाशी आलेला घास कोणी काढून घेतो आहे असं त्यांना वाटलं असावं.

"मास्तर, राग मानू नका. पण गावात एकच जीप असली की तिच्या मालकाला मान असतो. दुसरी आली की तो अर्धा होतो. हे तुमच्या वहीत लिहिलेलं नाही."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी वही मिटली, काखेत धरली आणि बाहेर गेले. परत येताना ती धडधडणारी जीपही मला नि:शब्द वाटली. दुसऱ्या दिवशी मास्तर सायकलवरून शाळेत आले. वर्गात फळ्यावर एक उदाहरण घातलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पोरांनी उदाहरण सोडवून संपवलं तरी त्यांना कळलं नाही.

तीन दिवस जीप अंगणातच उभी होती. काकींनी माझ्या जनेलाशी येऊन सांगितलं, "बाय, ते जेवतात, पण चव विचारली तर सांगत नाहीत." चौथ्या दिवशी काकीच त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी ओसरीवर होते.

"मी समई घेऊन घाट चढले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? यापुढे मोजल्याशिवाय बोलणार नाही, म्हणालात. मग आता त्यांच्या गाडीचं न मोजता कसं बोललात? ते रागावले तर त्यात त्यांची काय चूक?"

मास्तर ताडकन उठले. "अगं, खरंच की! त्यांची गाडी मी मोजलेलीच नाही!" आणि सदरा घालून लाटंबार्शाला निघाले.

प्रस्ताव त्यांनी सोसायटीच्या ओट्यावर सर्वांसमोर मांडला. गाडी एजंटची, नवी. ड्रायव्हरही एजंटचाच. सहा माणसं आणि काजूची चार पोती. टाकीची नळी काढून एका डब्याला जोडायची आणि डब्यात मोजून दोन लिटर डिझेल घालायचं. सोसायटीपासून डोंगर चढून वाड्यावर जायचं, उतरून परत यायचं, आणि मग डिचोलीच्या रस्त्याला लागायचं. जिथे थांबेल तिथे थांबेल.

एजंट म्हणाला, "दोन लिटर? म्हणजे बत्तीस किलोमीटर. डोंगर झाले दहा. डिचोलीला चहा पिऊन परत इथे येतो, मास्तर. तुम्हालाही पाजतो."

"मी म्हणतो सतरा," मास्तर म्हणाले. "सतराव्या किलोमीटरला रस्त्यावर चुन्याची रेघ मारून ठेवीन."

थंडीचे दिवस होते. ठरलेल्या सकाळी लाटंबार्शात जत्रेइतकी माणसं जमली. पोरं सायकलींवरून पुढे जाऊन त्या रेघेपाशी थांबली होती. काजूच्या काट्यावर सहाही जणांची वजनं झाली: ड्रायव्हर, एजंट, पुंडलिकबाब, मास्तर, मी आणि काकी. काकींना कोणी बोलावलं नव्हतं. "ह्यांना एकट्याला पाठवलं तर जिंकून घरी यायचं विसरतील," असं म्हणून त्या आपल्या आपण काट्यावर चढल्या. डिझेल पुंडलिकबाबनी स्वतःच्या हाताने मापाने ओतलं. डबा मागे माझ्या पायांपाशी बांधला होता.

नवी जीप गोड चालत होती, हे मान्य करायलाच हवं. डोंगराच्या पायथ्याशी ड्रायव्हरने फोर-व्हीलचा दांडा ओढला आणि गाडी दगडांवरून बकरीसारखी चढू लागली. एके ठिकाणी ओहोळाने अर्धी वाट खाल्ली होती. डावं चाक अधांतरी गेलं, काकींनी देवाचं नाव घेतलं, आणि गाडी हलकेच पलीकडे गेली. मास्तरांची पेन्सिल चालू होती. मी डब्यातलं डिझेल खाली जाताना पाहत होते. वाड्यावर पोचलो तेव्हा निम्म्याच्या आसपास उरलं होतं. एजंटने मागे वळून डब्याकडे पाहिलं आणि रुमालाने मान पुसली.

उतरून मोठ्या रस्त्याला लागलो. एका उतारावर गाडीचा आवाज अचानक मऊ झाला.

"आवाज का गेला?" काकींनी विचारलं.

"आमची गाडी शांत चालते, काकी," एजंट म्हणाला.

डिझेल वाचवायला ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल केली होती. उतार दिसला की न्यूट्रल, संपता संपता पुन्हा गिअर. पुंडलिकबाबच्या ते लक्षात आलं. मिशा हलल्या. मी मास्तरांना कोपराने ढोसलं. ते बाहेरची भातं बघत होते, अगदी निवांत.

चौदा झाले. पंधरा. सोळा. डब्याच्या तळाला बोटभर डिझेल. वळण घेतलं आणि समोर रस्त्यावर पांढरी रेघ दिसली, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. गाडी रेघेजवळ आली, रेघेवर आली आणि रेघ ओलांडून पुढे गेली.

एजंटने टाळी वाजवली. "मास्तर! रेघ मागे राहिली!"

सायकलवाली पोरं आरडाओरडा करीत मागून निघाली. मला रडू येईलसं वाटलं. काकींनी माझा हात धरला. पुंडलिकबाब मास्तरांकडे बघत होते, आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आणि मास्तर? मास्तर गालातल्या गालात हसत होते.

आणखी एक वळण गेलं. इंजिनाला उचकी लागली. एक, दोन. गाडी घरंगळत पुढे गेली आणि एका मोरीच्या अलीकडे उभी राहिली. एजंट खाली उतरला. समोर, बारा पावलांवर, रस्त्यावर चुन्याची दुसरी रेघ होती. तिच्याशेजारी मास्तरांच्या फळ्यावरच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'न्यूट्रल धरून.'

पुंडलिकबाबनी ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हा मोठ्या मिशांचा माणूस रस्त्यातच मांडीवर थाप मारून हसायला लागला. मागून सायकली आल्या, त्यातल्या पोरांनी अक्षरं वाचली, आणि जो गलका झाला तो डिचोलीपर्यंत पोचला असेल. ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता. मास्तर त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा दोष नाही. तू चांगला ड्रायव्हर. तो चढ तू ज्या हाताने काढलास, तसा मला सात वर्षांत जमला नाही. पण कुठलाही ड्रायव्हर आपल्या मालकाला पाडत नाही, हे धरूनच मी दुसरी रेघ मारली."

मग ते पावलं मोजत रेघेपर्यंत गेले आणि कपाळाला आठी घालून परत आले. "बारा पावलं कमी पडली. कुठे गेली असतील?"

"अहो, जिंकलात ना!" काकी म्हणाल्या.

"ते खरं. पण बारा पावलं..."

पोरांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. उचललंच. काटकुळे मास्तर चष्मा सावरत माणसांच्या डोक्यांवर डुलत होते. माझा आवाज ओरडून ओरडून बसला. मराठीच्या बाईंनी असं ओरडू नये, पण मी ओरडले.

त्यांना खाली ठेवलं तेव्हा पुंडलिकबाब पुढे आले. हसू ओसरलं होतं.

"मास्तर, सभेत मी बोललो ते चुकलो. सर्वांसमोर बोललो, म्हणून सर्वांसमोर सांगतो. आता ही गाडी आम्ही घेत नाही."

एजंटचा चेहरा पडला. मास्तरांनी वही उघडली.

"घेत नाही? का घेत नाही? घ्या!"

"म्हणजे?"

"पुंडलिकबाब, मी गाडी वाईट आहे असं कधी म्हटलं? आकडा खोटा आहे म्हटलं. आज मी मोजली. भरलेल्या गाडीने तो डोंगर एकदाही न थांबता काढला. ओहोळाच्या जागी माझी जीप दोनदा मागे येते, ही आली नाही. पाटे मऊ आहेत, आजारी माणूस आडवा नेता येईल. माझी गाडी आता थकली. यंदाच्या पावसात ती कुठे राहील ह्याची मला खात्री नाही. साडेआठ धरून फेऱ्या ठरवा. फेऱ्या कमी होतील, पण सगळ्या पुऱ्या होतील. गाडी घ्या!"

एजंटने खिशातलं ते गुळगुळीत पत्रक काढलं, पेन काढलं, सोळावर काट मारली आणि मास्तरांना विचारलं, "साडेआठ लिहू की आठ?"

"आठ लिही. चढाला. सपाटीला अकरा लिही. आणि ते बर्फाचे डोंगर काढून टाक, आमच्याकडे बर्फ पडत नाही."

त्याने खरंच तसं केलं. पुढच्या दोन वर्षांत डिचोली आणि पेडण्यात त्याने हाताने लिहिलेल्या आकड्यांवर इतक्या जीप विकल्या की वास्कोहून येणं सोडून त्याने जवळच्या साखळी गावातच खोली घेतली. दर नव्या गिऱ्हाइकाला आधी तो मास्तरांच्या ओसरीवर आणून बसवी.

गाडी आली ती शिगम्याच्या आधी. पहिल्या फेरीला वाड्याने ढोल-ताशे काढले होते. पुंडलिकबाबनी मास्तरांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे पोत्यावर बसले. काकी, मी आणि आणखी चार बायका दाटीवाटीने बसलो. चढावर घराघरांतून माणसं वाटेवर आली होती. पोरं गाडीबरोबर धावत होती. म्हाताऱ्या बायका लाल मातीवर पाणी शिंपडत होत्या, धूळ उडू नये म्हणून. माथ्यावर वाड्याच्या मांडावर, शिगमा खेळतात त्या पटांगणात, गाडी थांबली. काकींनी चाकांवर हळदकुंकू वाहिलं. ढोल थांबले, आणि पुंडलिकबाब म्हणाले, "मास्तर, दोन शब्द बोला."

मास्तर जीपमध्येच उभे राहिले. सगळा वाडा त्यांच्याकडे बघत होता. खाली लाटंबार्शाची शेतं होती, आणि पाच किलोमीटरची ती लाल वाट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भाषण करायची त्यांना सवय नव्हती.

"ही गाडी लिटराला साडेआठ देते," ते म्हणाले, "आणि तुमच्या दारापर्यंत येते. दोन्ही गोष्टी मोजून पाहिल्या आहेत."

एवढं बोलून ते बसले. मग जो ढोल सुरू झाला, तो आम्ही डोंगर उतरून खाली पोचलो तरी वर वाजतच होता.